पत्रकाच्या तळाशी कुणाचं नाव

आमच्या घरात बिघडलेलं पत्रक कधी फेकलं जायचं नाही. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात बाबांचा छापखाना. शाई पसरलेली, ओळ तिरकी गेलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं घालायचे. भूगोलाची वही काढली की नद्यांच्या आधी सफाई कामगारांच्या मागण्या दिसायच्या.

कुणाचंही पत्रक हातात आलं की बाबा आधी तळ बघायचे. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, गाव कुठलं. "तळाशी नाव नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी लहानपणापासून प्यायले, आणि मोठी झाल्यावर एका बाईला पाजलं. तिची नोकरी त्यात गेली.

मी तेव्हा एका परदेशी प्रसारणसंस्थेच्या मराठी सेवेसाठी जिल्ह्यातून बातम्या पाठवायचे. इथल्या वाहिन्यांनी सरकारपुढं कधीच लोटांगण घातलं होतं. परदेशी लोक मात्र कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं आमच्या घरात ठाम मत. आणीबाणीत खरी बातमी परदेशी रेडिओवरच लागायची, हे बाबा इतक्यांदा सांगायचे की तो रेडिओ मीच ऐकला आहे असं मला वाटे.

ती बाई अंगणवाडी सेविका होती. देवगाव रंगारीच्या पुढं जीपनं जावं लागतं असं गाव. नाव सांगत नाही. हे शहाणपण तेव्हा नव्हतं. पोरांची वजनं मोबाइलवर भरायची, आणि त्यात एखादं पोर कुपोषित दिसलं की वरून फोन यायचा, "वजन परत भरा." ती परत भरायची. पण खरं वजन एका शाळेच्या वहीत लिहून ठेवायची. त्या वहीतली दोन वर्षांची एक मुलगी दगावली. मोबाइलात ती अजून ठणठणीत होती.

"वही घे, फोटू घे, आवाज घे," सेविका मला म्हणाली. "नाव तेवढं नको घिऊ, पोरी."

"नावाशिवाय कोण विश्वास ठेवेल, मावशी?"

"नावावर तरी कोण ठेवतंय? आमचे मालक सुदिक ठेवत नायत."

मग मी तिला बाबांचं वाक्य ऐकवलं. भिंत, दगड, सगळं. वर म्हणाले, "परदेशी लोक आहेत ते. कुणाला भीत नाहीत."

"व्हय का? मग साहेबाचा फोन उचलायला त्यांनाच बसवा की." असं म्हणून ती हसली, पदर सारखा केला आणि माझ्या माइकमध्ये शाळेत हजेरी द्यावी तसं पूर्ण नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, गावासकट.

नाव झाकायची सोय होती. बातमीसोबतच्या फॉर्मवर त्यासाठी खूण करायची एक चौकट होती. ती मी मुद्दाम रिकामी सोडली.

त्या संस्थेचा एक नियम होता आणि नियम चांगला होता: ज्याच्यावर आरोप आहेत त्याला बातमी लागण्याआधी सगळे आरोप लेखी कळवायचे, उत्तराला पाच दिवस द्यायचे. तसा मेल सरकारी खात्याला गेला, प्रत मला आली. कुणी काय सांगितलं, कुठल्या गावात, सगळं सुबक, मुद्देसूद. सेविकेचं नाव तिसऱ्या ओळीत. मी तो मेल बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. "बघ, याला कणा म्हणतात," बाबा म्हणाले. मी अभिमानानं परत वाचला.

उत्तर मेलनं आलं नाही. तिसऱ्या दिवशी जीपनं आलं.

तिघं उतरले. आधी वही घेतली. मग गाव गोळा करून, आढ्याला टांगलेल्या काट्यात पोरांची वजनं पुन्हा केली. एकानं झोळीतल्या पोराचे पाय धरून हलकेच खाली ओढले आणि दुसऱ्यानं वाढलेला आकडा वाचला. पोरांच्या आया बघत होत्या. वहीत खोटी वजनं लिहिल्याबद्दल सेविकेला कामावरून कमी केलं. खोटी भरली होतीच की तिनं, पण मोबाइलात, स्वतःच्या बोटानं. बावीस वर्षांचं काम एका दुपारीत संपलं.

मी दिल्लीला संपादकांना फोन लावला. मराठी माणूस, आवाज साजूक.

"आता तर लागलीच पाहिजे ना बातमी?"

"थांबवली आहे. मारलेली नाही."

"फरक काय, सर?"

"मोठा फरक आहे." मग त्यांनी सांगितलं. दोन दिवस ऑफिसात सरकारी अधिकारी बसून होते, लोकांचे लॅपटॉप नेले. परदेशी वार्ताहरांचे व्हिसा अडवून ठेवलेत. "एका बातमीसाठी पूर्ण सेवा पणाला नाही लावता येत. आपलं स्वातंत्र्य जपायला हवं."

"कशासाठी जपायचं?"

"पुढच्या मोठ्या बातमीसाठी. तुम्ही तरुण आहात, कळेल."

"ती बाई बावन्न वर्षांची आहे, सर."

"निदान वजनाचा मुद्दा तरी आपण तपासून..." ते म्हणाले आणि त्यांना दुसरा फोन आला.

त्याच आठवड्यात त्यांनी दौलताबादच्या सीताफळांवरची बातमी लावली. ती मी केलेली होती. माझं नाव ठळक होतं.

मग मी पत्रक लिहिलं. रागानं, एका बैठकीत. बाबांनी ते उभ्यानं वाचलं. त्यांच्यामागं एका नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स गुंडाळून ठेवले होते. छापखाना आता त्यावरच चालतो.

"छापतो. शंभर कशाला, पाचशे छापतो," बाबा म्हणाले. "पण खाली आपलं नाव नको."

"बाबा, भिंतीआडून?"

"तुझं टाक की. तुझं कुठं फ्लेक्सवर पोट आहे?"

माझ्या करारात लिहिलं होतं की कुठल्याही प्रचारात भाग घ्यायचा नाही. मी तेच सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून पाचशे पत्रकं छापली, आणि एकही ओळ तिरकी जाऊ दिली नाही. पुढं मी ते बातम्यांचं काम सोडलं, पण त्या दिवशी सोडलं नाही, आणि नाव त्या दिवशी हवं होतं.

गठ्ठा घेऊन मी मावशीकडं गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. हात पुसून तिनं पत्रक घेतलं, ओळीखाली बोट ठेवत सावकाश वाचलं. मग मी शिकवलं होतं तसं तळाशी बघितलं.

"खाली कोरं हाय."

मी लसणाची एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

"वर माझं नाव चारदा आलंय. खाली तुमचं कुणाचंच नाय?"

"मावशी, छापखाना बंद पाडतील. माझाही करार..."

"तुझं लागलं ना पण मोबाइलवर? सीताफळात? सुनेनं दाखवलं." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तेच वाईट. "ब्येस फोटू होते."

पत्रक तिनं घडी घालून गठ्ठ्यात परत ठेवलं, सुतळी ओढून घट्ट केली आणि गठ्ठा माझ्या मांडीवर दिला.

"घिऊन जा. माझं एकटीचं नाव लई झालं."

मी तो परत आणला. छापखान्यात बाबांनी सुतळी सोडून एक पत्रक काढलं, सवयीनं आधी तळ बघितला, आणि गठ्ठा फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागं सरकवला.