नाकातली काडी

देवपूरच्या वृद्धाश्रमात आईला भेटायला गेलं, की म्हाताऱ्यांना लागण नको म्हणून दारातच आमच्या नाकात कापसाची काडी फिरवायचे. मला भारी चीड यायची. काचेआड वाती वळत बसलेली आई माझ्याबरोबर मान मागे टाकायची. निकाल येईपर्यंत मी निंबाखाली बसायची. उन्हात काचेआडची आई तरंगल्यासारखी दिसायची.

पुढे तपासणी थांबली. मी थेट आत गेले, तर आईने परकीकडे पाहावं तसं पाहिलं. नावं ती केव्हाच विसरली होती. मी नुसतीच तिच्यापुढे बसले. बऱ्याच वेळाने तिने एक वात उचलून माझ्या नाकाशी नेली. माझी मान आपोआप मागे गेली.

शेजारच्या खाटेवरच्या अक्कांना ती म्हणाली, "हाई मन्ही पोर शे."