रमाबाई सबवेत गातात

वाशीमकडच्या त्यांच्या गावात रमाबाईंच्या गाण्याशिवाय बारसं पार पडत नसे, लग्न लागत नसे, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत तर त्या पुढेच असायच्या. नवरा गेल्यावर मुलगा धम्मदीप त्यांना दिल्लीला घेऊन आला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि तिथे त्यांचं गाणं बंद पडलं. बंद कुणी केलं नाही. ऐकायलाच कुणी नव्हतं. धम्मदीप ऑफिसात, सून समता तिच्या रेल्वे कंपनीत. रमाबाई गॅलरीत बसून मेथी निवडायच्या आणि खालून जाणाऱ्या गाड्या बघायच्या.

समताचं काम रुळांकाठच्या वस्त्यांमध्ये असे. लोकांनी रूळ ओलांडू नयेत, त्यांचे जीव सुखरूप राहावेत, हे बघायचं. एका संध्याकाळी ती घरी आली ती पर्स सोफ्यावर आपटतच.

"आई, बायका ऐकतच नाहीत हो! खाली चांगला सबवे आहे, तरी सगळ्या भिंतीच्या भगदाडातून रुळांवर. आज एकीचा पदर खडीत अडकला. गाडी समोर! बाकीच्यांनी ओढली म्हणून वाचली."

"तू काय केलं मग?"

"काय करणार? पोस्टर लावली, पथनाट्य केलं, भोंगा फिरवला. यार, अजून काय करू?"

रमाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "मले ने तिथं," त्या म्हणाल्या.

शनिवारी दोघी गेल्या. वस्ती गाझियाबादच्या अंगाला होती, बहुतेक माणसं बिहारकडची. पदर अडकलेली बाई, फूलमती, दारातच भांडी घासत होती. रमाबाई सरळ तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. हिंदी त्यांची वऱ्हाडी वळणाची, पण अडत नव्हती.

"मेरे को बताओ, नीचे से कायको नहीं जाते?"

फूलमती हसली. "अम्मा, एक बार चलके देखिए ना."

तिघी सबवेत उतरल्या. दिवेलागणीची वेळ होती, पण आत दिवा नव्हता. पायाखाली पचपच पाणी. मधोमध पत्ते कुटणाऱ्या पुरुषांचं कोंडाळं बसलं होतं. बायका जवळ आल्या तसं त्यांचं बोलणं थांबलं, आणि ते थांबणंच वाईट होतं. रमाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. समता या वाटेनं पूर्वी गेली होती, पण भर दुपारी, हेल्मेट घातलेल्या चौघा सहकाऱ्यांबरोबर.

वर आल्यावर समतानं चपलांतलं पाणी झटकलं. मग म्हणाली, "आई, मीसुद्धा रुळांवरूनच गेले असते."

सोमवारी तिनं गुरुग्रामच्या ऑफिसात साहेबांना गाठलं. निहार जोशी पुण्याचे, माणूस सरळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि माणसं कामाला लावली. पंप बसला, दिवे लागले, भिंती पांढऱ्या झाल्या, दोन बाकं आली, आणि सबवेच्या तोंडाशी एक महिला गार्ड उभी राहिली. समता खूश! पण आठवडा गेला तरी बायका भगदाडातूनच. सबवे लख्ख होता, आणि रिकामा होता. रिकाम्या वाटेनं एकटीनं कोण जाणार?

"बघू तरी कसा झाला," म्हणून रमाबाई पुन्हा आल्या. मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला. ते खाकरणंही केवढं घुमलं! त्या चपापल्या, मग गालात हसल्या. आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं. भीमगीताची पहिली ओळ त्यांनी दबकतच म्हटली. भिंतींनी ती उचलली, मोठी केली आणि परत आणून दिली. दुसऱ्या ओळीला रमाबाईंनी मागेपुढे पाहिलं नाही. छातीतून आवाज लावला.

समता जिन्यावर थिजून उभी होती. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण सासूचा हा आवाज तिनं ऐकलाच नव्हता. मग तिच्या मागे पावलं वाजली. फूलमती खाली येत होती, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी.

"अम्मा, रुकिए!" फूलमती ओरडली. "हम ढोलक लाते हैं!"

त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी सबवेत बैठक बसू लागली. भीमगीतं झाली की बायकांचे सोहर, म्हणजे बाळ जन्मल्यावरची गाणी, मग पावसाळ्यातली कजरी. जाणारे-येणारे थांबू लागले. बायका पोरींना घेऊन खालूनच बाजाराला जाऊ लागल्या; वाटेत कुणी ना कुणी ओळखीचं असायचंच. पत्तेवाल्यांनी आधी कुरकुर केली, मग त्यांच्यातल्याच एकाला झांजा चांगल्या वाजवता येतात असं निघालं.

समतानं मात्र या बैठकीची ऑफिसात परवानगी घेतली नव्हती. वर कळलं तर? कळलंच. निहार जोशी एका शनिवारी न सांगता आले. समता काही बोलायच्या आत फूलमतीनं त्यांना बाकावर बसवलं आणि हातात टाळ दिले. साहेबांना ताल काही साधेना. बायका हसून बेजार. निघताना ते म्हणाले, "समता, एवढे लोक एका जागी येतात, तर कंपनीच्या नर्सलाही इथेच बसवू या का? बीपी, शुगर तपासून होईल."

नर्स आली. काही दिवसांनी वस्तीतल्याच बायकांनी ते भगदाड बुजवून मागितलं, आणि बुजवताना उभ्या राहून गवंड्याला चहा पाजला.

एप्रिलात रमाबाईंनी जयंती सबवेत करायची ठरवली. निळ्या पताका लागल्या, खीर झाली. धम्मदीप अर्धी रजा टाकून आला आणि आईला तिथे सगळे 'गानेवाली अम्मा' म्हणतात हे ऐकून बघतच राहिला. गाणं रंगात आलं. ध्रुवपद उचलायला सगळी वस्ती तयार, फक्त 'निळ्या' शब्दापाशी गाडी अडे. सगळ्यांच्या तोंडून 'निल्या' यायचं. रमाबाईंनी गाणं थांबवलं.

"जीभ ऐसी पलटाओ. ळ! बोलो, ळ!"

"ल!" वस्ती म्हणाली.

"ल नहीं वं, ळ!"

"ड!" झांजवाला म्हणाला, आणि फूलमती हसता हसता ढोलकीवरच आडवी झाली. डोक्यावरून एक गाडी धडधडत गेली, पण खाली कुणाला तिचं सोयरसुतक नव्हतं. सगळे जिभा वळवून, माना वाकड्या करून, जोरजोरात ळ शोधत होते.