पंपाची ओटी

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, सोलापुरातल्या आमच्या मागल्या अंगणात एका पाण्यात बुडणाऱ्या पंपाची विधिवत ओटी भरण्यात आली. पंप बाई आहे की बाप्या, याची चौकशी कुणीही केली नाही.

मी त्या घरात नवी सून होते. थोरली जाऊ आणि मी रोज रहाटानं विहिरीचं पाणी ओढून हौद भरत असू. तळहातांना असे घट्टे पडले होते की रेशमी साडीला हात लावायची चोरी. लगेच धागा निघायचा. त्यामुळे माझ्या नवऱ्यानं पंप आणला तेव्हा आम्ही दोघींनी आनंद लपवायची पराकाष्ठा केली. जमलं नाही. सासऱ्यांना मात्र हे खूळ वाटत होतं. "विजेच्या भरवशावर कुणी तहान भागवतं का? अडला की त्याच दिवशी परत!"

सासूबाईंचं वेगळंच. "विहिरीत उतरणारी नवी सूनच की ही. रिकामी कशी धाडायची?" त्यांनी पंपाला हळदकुंकू लावलं आणि हिरव्या खणात तांदूळ-नारळ घालून त्याच्या कमरेला करकचून बांधला. त्या गाठीत फ्लोटची वायरही आवळली गेली. फ्लोट म्हणजे वायरीच्या टोकाचा पोकळ गोळा. तो पाण्यावर तरंगत वर आला की पंप चालू, पाणी उतरून लोंबला की बंद. आता तो बिचारा खाली डोकं करून पंपाला चिकटला होता, आणि कौतुकाच्या भरात आमचं कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

वायरमननं पंप खाली सोडला, बटण दाबलं. विहिरीत भरपूर पाणी, पंप गप्प.

"झालं? बांधा गाठोडं," सासरे म्हणाले.

वायरमननं पंप वर ओढला, निरखला आणि हसू दाबत म्हणाला, "आक्का, पंप बेस हाय. पर ह्यो गोळा मोकळा पायजे. खण सोडावा लागतोय की."

"भरलेली ओटी काढून घ्यायची?" सासूबाई दचकल्या. "न्हाय बाबा!"

"बरोबर आहे! ओटीला हात लावायचा नाही," सासरे म्हणाले. जन्मभर बायकोच्या सोवळ्याओवळ्याला हसलेला हा गृहस्थ एका क्षणात धर्मनिष्ठ झाला. "पंप जाऊ द्या परत."

जावेनं रहाटाचा दोर उचलला.

सासूबाई त्या दोराकडे पाहत राहिल्या. माझ्या वयाच्या असल्यापासून त्यांनीही तो ओढला होता. माझी ओटी त्यांनीच मायेनं भरली होती, आणि दुसऱ्या सकाळी मला रहाटावर उभंही त्यांनीच केलं होतं. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांनाही कुणीतरी तसंच उभं केलं असणार. रीत मोडणं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि नवऱ्यापुढे आवाज चढवणंही. आधी काय मोडावं, एवढाच विचार बहुधा त्या करत होत्या.

मग शेजारचं अंगणही दणाणेल अशा आवाजात त्या कडाडल्या, "अहो, ओटी भरलेली बाई काय जन्मभर पदर बांधून बसती व्हय? घरी येती, गाठ सोडती अन् कामाला लागती! सोड रे बाबा तो खण!"