उचकी

केस कापायला बसलो होतो. समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचा टीव्ही दिसत होता आणि त्यावर माझा कार्यक्रम चालू होता. म्हणजे एके काळी माझा. ज्या मंचावर अर्धं आयुष्य मी लोकांना खेळवलं, हसवलं, तिथे आता एक गोरागोमटा मुलगा उभा असतो. त्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. मंच काही कुणाच्या बापाचा नसतो.

त्या मुलाने एक पांचट विनोद केला. प्रेक्षक हसले आणि हशाच्या शेवटी एका बाईला उचकी लागली.

ती माझी सुमन. शूटिंगला पहिल्या रांगेत बसायची. घरी आधीच ऐकलेल्या विनोदाला पुन्हा हसायची आणि हसून हसून तिला उचकी लागायची. आमचा साउंडवाला वैतागायचा, "वहिनी, ही उचकी मला कापता येत नाही हो!"

सुमन गेली. चॅनेलने तिचं हसू मात्र जपून ठेवलं आणि आता ते या पोराच्या विनोदांमागे वाजवतात. मला विचारावंसं कुणालाही वाटलं नाही. टाळ्या इशाऱ्यावर वाजतात, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या सगळ्या गलक्यात तेवढं एकच हसू माझं होतं.

"ही बाई रोज असते बघा," केस कापणारा म्हणाला. "कशालाही हसते."

"कशालाही नाही हो," मी म्हणालो.

तेवढ्यात ती पुन्हा हसली.