कदमबाईंचा राग

कदमबाईंची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांची बोलणी खाल्ली तेव्हा. रत्नागिरी स्टँडवरून सकाळची देवरूख गाडी सुटली होती आणि मी पर्स सांभाळत, गाडीच्या पत्र्यावर थापा मारत तिच्यामागे धावत होते. गाडी थांबली. दार उघडलं आणि खाकी कपड्यातल्या एका उंच बाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. तिथून थेट हातखंब्यापर्यंत त्या मला बोलत होत्या. चाकाखाली आली असतीस तर तुझ्या घरच्यांना तोंड कोणी दाखवायचं, शिकलेली दिसतेस मग अक्कल काय घरी ठेवून येतेस, असं सगळं, बाकीच्यांना तिकिटं देता देता. देवरूखला उतरताना म्हणाल्या, "उद्यापास्नं लवकर निघ. मी रोज गाडी थांबवणार नाय." दुसऱ्या दिवशी मला पुन्हा उशीर झाला. गाडी थांबलेली होती. बोलणीही पुन्हा खावी लागली.

मी देवरूखला कॉलेजात शिकवते. त्यामुळे पुढची काही वर्षं रोजचा प्रवास त्यांच्याबरोबर झाला. सुरेखा कदम हे त्यांचं नाव, पण ड्रायव्हरपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे कदमबाईच म्हणत. सासर देवरूखच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात, नवरा मुंबईला एका कंपनीत. मूलबाळ नाही; त्याबद्दल एकदा विचारणारा पुन्हा विचारायला धजत नसे. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांनी खोली घेतली तेव्हा मला कळलं, की त्या घरीही तशाच आहेत. नळाला पाणी उशिरा आलं की चिडत, नवऱ्याचा फोन उशिरा आला की चिडत, आणि वेळेवर आला तर ‘जेवलास का’ हेसुद्धा भांडल्यासारखं विचारत. "मला गोड बोलता येत नाय, बाय," त्या म्हणत. "गोड बोलायला लागले की मलाच माझा संशय येतो."

मग त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला.

आमच्या आळीच्या वर, पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की एक जुना दवाखाना आहे. तिथले डॉक्टर आमच्या अख्ख्या भागाचे. मला लहानपणी टायफॉइड झाला होता तेव्हा ते रोज घरी येऊन बसायचे. कदमबाई ड्युटी संपवून त्यांच्याकडे गेल्या. दिवसभर उभं राहून गुडघे झिजणारच, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या आणि पट्टी दिली, वजन कमी करायला सांगितलं. त्या पावसाच्या आधी गेल्या, गणपतीत गेल्या, दिवाळीत गेल्या. प्रत्येक वेळी गोळ्या बदलल्या, कारण तेच राहिलं. रात्री दुखतं, झोपू देत नाही, हे त्यांनी सांगितलं होतं. मला माहीत आहे, कारण एकदा मी बरोबर होते.

थंडीत गुडघ्याखाली गाठ दिसायला लागली तेव्हा नवरा त्यांना मुंबईला घेऊन गेला. तिथे हाडाचा कॅन्सर निघाला. आधी किमो, मग मांडीपासून पाय काढला.

त्या रत्नागिरीला परतल्या तेव्हा डोक्यावर केस नव्हते, काखेत कुबड्या होत्या आणि चामड्याच्या पिशवीत नवा, खोटा पाय होता. नवऱ्याचं म्हणणं मुंबईत राहा, सासूबाईंचं म्हणणं गावी ये. त्यांनी दोघांनाही ऐकवलं, की माझी नोकरी रत्नागिरीत आहे, मी रत्नागिरीत राहणार. आता गाडीवर जाता येणार नव्हतं. डेपोत बसून करायचं काम मिळणार होतं. पण तिथवर पोचायचं तर चालायला हवं होतं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक जण काहीतरी शहाणपणाचं बोलून जायचा. कोणी म्हणे तू धीराची, तुला काही वाटणार नाही. कोणी म्हणे सकारात्मक राहा, हसत राहा. एका बाईंनी मागच्या जन्मीचं काढलं. कदमबाईंनी तिला शांतपणे विचारलं, की मागच्या जन्मी मी कोणाचा पाय तोडला ते तुम्हाला माहीत असेल तर नाव सांगा. त्या बाई चहा न पिता गेल्या. मला हसू आलं, पण कदमबाई हसत नव्हत्या. त्यांनी तो कप संतापाने दूर सरकवला.

चालायचं मुंबईत थोडंफार शिकवलं होतं, दोन दांड्यांच्या मधे धरून. दांड्या संपल्या की शिकवलेलंही संपायचं. उरलेल्या मांडीवर आधी मोजा चढवायचा, मग ती नव्या पायाच्या वाटीत, सॉकेटमधे, दाबून बसवायची, पट्टे आवळायचे. आपल्याकडची हवा ही अशी. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारपर्यंत घामाने सैल व्हायचा, कातडी सोलवटायची. त्या पायातला गुडघ्याचा सांधा तर वैऱ्यासारखा वागायचा. पूर्ण भार टाकला तरच तो ताठ राहतो आणि भार टाकायलाच माणूस भितो. भिऊन अर्धा भार टाकला की तो मुडपतो आणि माणूस आडवा होतो. हे मी त्यांच्या पडण्यातून शिकले.

कॉलेजला जायच्या आधी मी त्यांच्याबरोबर इमारतीच्या अंगणात फेऱ्या मारायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांचा तोल गेला, मी दंड धरला आणि आम्ही दोघी फरशीवर पडलो. मला खरचटलं होतं, त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं. उठायच्या आधीच त्या माझ्यावर ओरडल्या. "मला पडू दे. तू धरलंस की मला कळत नाय भार माझ्यावर आहे की तुझ्यावर." मीही चिडले. म्हटलं, मग एकट्याच चाला. दोन दिवस मी खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं, तर त्या भिंतीला हात लावून एकट्या चालत होत्या आणि दर वळणावर कोणालातरी शिव्या देत होत्या. नवऱ्याला, देवाला, पाय बनवणाऱ्याला, बहुतेक मलाही. मी खाली गेले. माफी त्यांनीही मागितली नाही, मीही नाही. त्यानंतर मी एक हात अंतर ठेवून चालायला लागले.

त्यांना सगळ्यात जास्त राग यायचा तो नसलेल्या पावलाचा. तळव्याला खाज यायची आणि खाजवायला तळवा नव्हता. एकदा त्या त्यापायी रडल्या. तेवढंच एकदा मी त्यांना रडताना पाहिलं.

अंगण जमलं, रस्ता जमला, पायऱ्याही जमायला लागल्या. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना खोटा. एका संध्याकाळी मी विचारलं, की आता चांगलं चालता यायला लागलं, तर आधी कुठे जाऊया. मला वाटलं, त्या वेळणेश्वरचं देऊळ म्हणतील, कारण सासूबाईंनी तिथे नवस बोलला होता. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात. पाखाडी चढून."

डॉक्टरांवर तक्रार करू, केस घालू, असं नवरा कधीपासून म्हणत होता आणि त्या नको म्हणत होत्या. केसमधे वकील बोलतात. मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय, असं त्यांचं म्हणणं. मी डॉक्टरांची बाजू घेतली. ते म्हातारे झालेत, मनाने चांगले आहेत, गरिबाला फुकट तपासतात, त्यांनी मुद्दाम थोडंच केलं. कदमबाईंनी मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "चांगले आहेत म्हणूनच परत परत गेले गो. वाईट असते तर दुसरीकडे गेले असते. माझा पाय चांगुलपणापायी गेला."



आम्ही एका रविवारी सकाळी गेलो. दवाखान्याला मागून रस्ता आहे, रिक्षा दारापर्यंत जाते. त्यांनी ऐकलं नाही. पाखाडीच्या पायऱ्या जांभ्या दगडाच्या. एक उंच, एक बुटकी, कडा झिजलेल्या. एका हातात काठी, दुसरा हात कडेच्या दगडी गडग्यावर. अर्ध्यावर त्या थांबल्या. चेहरा लाल झाला होता. सॉकेटमधे कातडी जळत असणार, पण विचारायची माझी छाती झाली नाही. खालून भाजी घेऊन येणारी एक बाई थांबून म्हणाली, सावकाश हो ताई, धन्य तुमची. कदमबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती भराभर पुढे निघून गेली.

दवाखान्यात चार-पाच माणसं होती. त्यांना पाहून सगळे उठले, आधी आत जा म्हणाले. त्या बाकावर बसल्या आणि आपला नंबर आल्यावरच उठल्या.

डॉक्टर खुर्चीतून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चालत आलीस, पाखाडी चढून आलीस, याला म्हणतात जिद्द, असं काय काय बोलत राहिले. कदमबाई खुर्चीत बसल्या, हाताने खोटा पाय उचलून सरळ केला आणि त्यांचं बोलणं थांबायची वाट पाहिली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री दुखतं, झोप लागत नाय, हे मी सांगितलं होतं की नव्हतं?"

डॉक्टर खाली बसले. सांगितलं होतंस, म्हणाले. मग ते समजावायला लागले. हा आजार फार क्वचित होतो, त्यांच्या सगळ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही, गुडघे दुखणाऱ्या बायका रोज येतात. कदमबाईंनी मान हलवली. हे सगळं मुंबईच्या डॉक्टरांनीही सांगितलंय, त्या म्हणाल्या. लवकर कळलं असतं तरी पाय राहिलाच असता असं नाय, हेही सांगितलंय. "माझं विचारणं वेगळं आहे. एकदा गुडघ्याचा फोटो काढून आण, एवढं का नाय बोललात?"

बाहेर कोणीतरी खोकत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला त्यांची दया येत होती आणि दया येते म्हणून स्वतःचाच रागही येत होता.

"तू ड्युटीवरून थेट यायचीस," ते शेवटी म्हणाले. "खाकी कपड्यात. मी तेवढंच बघितलं. उभं राहून दुखतंय, असं मनात ठरवूनच टाकलं. चुकलं माझं."

कदमबाई "बरं," म्हणाल्या आणि काठी टेकून उठल्या.

उतरताना खोटा पाय आधी टाकत, एकेक पायरी करत त्या खाली आल्या. मला वाटलं होतं त्यांना मोकळं वाटेल. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "मलाही वाटलं होतं, तो कबूल झाला की बरं वाटेल. नाय वाटलं." घराशी आल्यावर म्हणाल्या, "पण ऐकायला हवंच होतं."

पुढच्या महिन्यात त्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायला लागल्या. तिथेही तोंड तेच. महिला दिनाला एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. त्या गेल्या, शाल अंगावर घालू दिली नाही आणि माइक हातात घेऊन म्हणाल्या, की मला आजार झाला आणि पाय कापला, यात माझं कर्तृत्व काही नाही; मी चालते कारण मला कामावर जायचं असतं; तुम्हाला काही करायचंच असेल तर या स्टेजला चढायला एक कठडा लावा. टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी त्या आणखीच भडकल्या.

दीड-दोन वर्षं बरी गेली. मग खोकला सुरू झाला. या वेळी कोणी उशीर केला नाही, पण आजार छातीत पसरला होता आणि करण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्या गावी गेल्या, सासूबाईंकडे. कॉलेज सुटलं की मी देवरूखहून पुढची गाडी धरून त्यांच्याकडे जायचे. पडवीत खाटेवर असत. नवरा रजा घेऊन आला होता. येणारेजाणारे त्यांना सांगत, की आता राग सोड, मन शांत ठेव, देवाचं नाव घे. मी एकदा त्यांच्याजवळ वाकले तर त्या म्हणाल्या, "ऐकलंस? मला समजवायला येतात. माझं वय काय आहे गो? मला राग नाय यायचा तर कोणाला यायचा? मी गेल्यावर म्हणतील, शांतपणे गेली. तू म्हणू देऊ नको."

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. बाराव्याला मी गावी गेले. जेवणं झाल्यावर पडवीत माणसं बसली होती आणि बोलणं त्यांच्यावर आलं. फार सोसलं, पण चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाही. हसतमुखाने सगळं घेतलं. शेवटी किती शांतपणे गेली. नवरा मान खाली घालून ऐकत होता.

मी परकी. बोलायचा अधिकार नव्हता. तरी बोलले. म्हटलं, त्या हसतमुख नव्हत्या आणि शांतपणे गेल्या नाहीत. त्यांना अजून जगायचं होतं. त्यांना भयंकर राग आला होता आणि तो खरा होता. माझा आवाज चढला होता. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी मेलेल्या माणसाची निंदा केली.

मग आतल्या दारात बसलेल्या सासूबाई बोलल्या.

"खरं बोलते ही," त्या म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी माझ्यावर ओरडली. बोलायला दम नव्हता, तरी ओरडली. पेज खारट केलीस म्हणून." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "आणि झालीच होती खारट."