तरंगती फळी आणि लिंबू

मुलांनो, नांदेडला आमच्या गल्लीत स्पीकर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. नाव मी कधी विचारले नाही. काळजीत असला की तो सारखी बोटे शर्टाला पुसतो. जमिनीवर अंथरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तरंगणारी, फिरत्या चुंबकांची फळी त्याने घरीच बनवली. पहिल्यांदा तो चढणार, तेव्हा नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसे बायकोने फळीखाली बारके लिंबू ठेवले. चुंबक निसटले तर त्याचा पाय जाईल, या भीतीने मी त्याच्या ओट्याचा कठडा घट्ट धरला होता.

फळी त्याला घेऊन उचलली गेली. लिंबू तसेच राहिले.

"अवो, फुटलं न्हाई की! आता कसं?" बायको रडकुंडीला आली.

त्याने उतरून फळी बंद केली, बोटे शर्टाला पुसली. "हे मशीनला जमायचं न्हाई. थांब," म्हणाला आणि टाचेने लिंबू फोडले.