भोकाभोकांची पीएचडी

नागपूरच्या धंतोलीत माझं कागदाचं दुकान. शिक्षण सातवी, गिऱ्हाईक मात्र सगळं शिकलेलं, त्यामुळे हसायला कधी कमी पडलं नाही. किस्से म्हणजे दमट रद्दी. कोणी घेत नाही अन् रोज फुगते! त्यातले निम्मे एकट्या प्रभाकरचे.

हा सावनेरचा पोरगा संत्र्यांच्या बागांवर पीएचडी करत होता. गाईडची अट होती: "कॉम्प्युटर शिक, मग शेती खात्यातल्या साहेबांना शिकव. शेवटी सर्वांसमोर मशीन चालवून दाखव. चाललं तर थीसिस जमा, नाही तर आणखी एक वर्ष!"

*

प्रभाकर ट्रेनिंगहून परतला तो भोकं पाडलेल्या कार्डांचा खोका घेऊन. तेव्हा कॉम्प्युटरला आकडे असेच भरवायचे. शेजारच्या किराणावाल्या भाऊरावांनी एक कार्ड उजेडात धरलं.

"वाळवी लागलेले कागद काहून सांभाळून राहिला गा?"

*

मशीनचा पहिलाच हिशेब आला: झाडामागे संत्री उणे चाळीस! प्रभाकर डोकं धरून बसला.

भाऊराव म्हणाले, "म्हणजे झाडच बाजारातून संत्री आणून खाऊन राहिलं!"

*

साहेबांचा क्लास मे महिन्यात. मशीनच्या खोलीत एअरकंडिशनर, बाहेर नागपूरचं ऊन! हजेरी फुल. दोन साहेब तर भलत्याच खात्याचे निघाले.

तासाच्या शेवटी प्रभाकरने विचारलं, "कोणाला काही शंका?"

मागून एक साहेब डोळे न उघडता बोलले, "दार लावून घ्या ना, थंडी बाहेर जाऊन राहिली!"

*

पाऊस पडून बाहेरची हवा गार झाली अन् साहेब गायब. प्रभाकर माझ्याकडे आला.

"शेटजी, काय करू?"

"सर्टिफिकेट छाप."

"अजून कोणी शिकलं कुठं?"

"शिकलेल्याले सर्टिफिकेट कशाले लागते गा?"

जाड कागद, सोनेरी किनार. हजेरी पुन्हा फुल!

*

मशीन चालवून दाखवायचा दिवस आला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. गाईड, सगळे साहेब, आणि फुकट चहाच्या आशेनं मी. प्रभाकरने खोका उघडला आणि त्याचा चेहराच उतरला.

खंडेनवमीला आपण पोटापाण्याची हत्यारं पुजतो. त्याच्या आईनं खोका पुजला होता. वरच्या एका कार्डावर थांबेल तर ती आई कसली! प्रत्येक कार्डाला हळद-कुंकवाचं बोट, भोकाभोकांत अडकलेल्या अक्षता.

गाईडने कार्ड उचललं. "हे काय?"

"आईनं, सर... म्हणे, एकाले लावाव अन् दुसऱ्याले नाही, बरं दिसत नाही."

मग एका साहेबांनी रुमाल काढला, खाली मांडी घातली आणि कार्ड पुसायला घेतलं. पाठोपाठ सगळेच बसले. अख्ख्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी कार्डांना हात लावला तो हाच!

दुपार कलल्यावर मशीन खडखडलं. उत्तर बरोबर आलं.

गाईडने चष्मा पुसला. "थीसिस जमा कर. पण टाइप झाला की आधी माझ्याकडे आण. आईकडे मागाहून!"